कुंडीच्या तळाचं भोक नेमकं कशासाठी?

माझ्या पीएचडीचा विषय कोणी विचारला की हल्ली मी एका वाक्यात सांगते: कुंडीच्या तळाशी खापऱ्या का घालतात, त्याचा इतिहास. समोरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "का म्हणजे? पाण्याचा निचरा व्हावा म्हणून!"

इथेच माझं काम सुरू होतं. कारण खापऱ्यांच्या, खडीच्या किंवा विटांच्या तुकड्यांच्या थराने कुंडीतल्या मातीचा निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. हा काही माझा शोध नाही. मृदाशास्त्रातल्या भौतिकीवाल्यांना यामागचं तत्त्व शंभरहून जास्त वर्षं ठाऊक आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या सल्ल्याचं कारण चुकीचं आहे तो सल्ला इतक्या पिढ्या, इतक्या देशांत, आणि तेही अत्यंत कुशल माळ्यांच्या हाती टिकला कसा?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण बाल्कनीत मेलेल्या झाडांचा दोष आपण कोणाला देतो ते आठवा. "तिच्या हाताला गुण नाही," असं आपण सहज बोलून जातो. बरेचदा हाताचा काही दोष नसतो. तळाशी पाणी अडकलेलं असतं, आणि ते अडकू नये म्हणून घातलेल्या थरानेच ते आणखी वर आणून ठेवलेलं असतं.

तर आधी भोकापासून सुरुवात करू.

भोकाच्या कुंडीचा एक फार जुना लिखित उल्लेख थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाकडे मिळतो. हा ॲरिस्टॉटलचा शिष्य. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो इराणकडच्या एका आंबट फळझाडाबद्दल सांगतो, की हे झाड खजुरासारखंच भोकं पाडलेल्या मातीच्या भांड्यांत लावतात. ते फळ म्हणजे आपलं महाळुंग. होय, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. मूळचं आपल्या ईशान्येकडचं आणि हिमालयाच्या पायथ्याचं हे झाड पश्चिमेकडे सरकत सरकत ग्रीकांपर्यंत पोचलं, आणि कुंडीच्या इतिहासात पहिल्याच पानावर येऊन बसलं. मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

पुढे रोमन लेखक प्लिनी याच झाडाबद्दल लिहितो. महाळुंग विषावर उतारा मानलं जाई, म्हणून अनेक लोकांनी ते कुंड्यांतून आपापल्या देशी न्यायचा प्रयत्न केला, असं तो सांगतो. इथे त्याने एक शब्द वापरलाय, ज्याच्यामुळे माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. कुंडीला भोकं कशासाठी? पाणी जाण्यासाठी, असं तो म्हणत नाही. मुळांना श्वास घेता यावा म्हणून, असं म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी!

प्लिनीला वनस्पतिशास्त्राचं आजचं ज्ञान होतं असा दावा मी करणार नाही. त्याच्या पुस्तकात खऱ्याखोट्याची अशी खिचडी आहे की एक वाक्य बरोबर निघालं म्हणून त्याला द्रष्टा ठरवायला नको. पण त्या काळच्या कुंड्या त्याच्या बाजूने साक्ष देतात. पॉम्पेई इथल्या बागा विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन अभ्यासिकेने वर्षानुवर्षं उकरून काढल्या. तिथे ज्या कुंड्या सापडल्या त्यांतल्या कित्येकांना चार भोकं आहेत, तळाला एक आणि बाजूंना तीन. नुसतं पाणी घालवायचं असतं तर बाजूची तीन कशाला? (पॉम्पेई गाडली गेली ती इ.स. ७९ मधल्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, आणि प्लिनी मेला तोही त्याच उद्रेकात. भोकांबद्दल लिहिणारा माणूस आणि ती भोकं, दोघांचाही शेवट एकाच राखेने केला.)

बाजूच्या भोकांचं आणखी एक कारण संभवतं. कुंडी जमिनीत पुरली की मुळं त्यांतून बाहेर पडू शकतात. केटो या रोमन जमीनदाराने इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात एक पद्धत दिली आहे: तळाला भोक असलेलं भांडं घ्या, झाडाची फांदी त्या भोकातून आत घ्या, भांडं मातीने भरा, झाडावरच राहू द्या, मुळं फुटली की खालून कापा आणि लावताना भांडं फोडा. म्हणजे आपलं गुटी कलमच, फक्त प्लास्टिकच्या कागदाऐवजी मडकं. अथेन्समध्ये हेफायस्टसच्या देवळाभोवती १९३० च्या दशकात डोरोथी बर थॉम्पसन यांनी उत्खनन केलं, तेव्हा खडकात खोदलेल्या खड्ड्यांच्या रांगा आणि त्यांत भोकवाल्या, फुटक्या कुंड्या मिळाल्या. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या.

म्हणजे भोक हे पाण्याची मोरी म्हणून नव्हे, तर वाट म्हणून सुरू झालं. हवेची वाट आणि मुळांची वाट. तळाच्या खापऱ्या या गोष्टीत बऱ्याच उशिरा येतात.

आता मोठी उडी मारून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ, कारण खापऱ्यांच्या सल्ल्याचं शास्त्रोक्त रूप तिथल्या बागकामाच्या पुस्तकांत ठरलं, आणि तिथूनच ते जगभर, वसाहतींतही, पसरलं. श्रीमंतांच्या वाड्यांत काचघरं होती, त्यांत हजारो कुंड्या. कुंड्यांची नावंसुद्धा मजेशीर: ठरावीक वजनाच्या मातीतून जितक्या कुंड्या घडतील तो आकडा हेच त्या मापाचं नाव. 'साठ' म्हणजे लहान, 'बत्तीस' म्हणजे मोठी. काम शिकायला आलेल्या पोरांच्या वाट्याला पहिली कामं यायची ती कुंड्या धुण्याची आणि फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या करून ठेवण्याची. भरताना एक मोठी बाकदार खापरी भोकावर पालथी, तिच्याभोवती लहान तुकडे, त्यावर बारीक चुरा, त्यावर शेवाळ किंवा पालापाचोळा, आणि मग माती. पुस्तकांत हे इतकं तपशिलात येतं की एखाद्या पूजेचा विधी वाचतोय असं वाटावं.

पण त्याच माळ्यांच्या कामात इतर चार गोष्टी होत्या, ज्यांना कोणी 'निचरा' म्हणत नसे.

पहिली, कुंडी भाजक्या मातीची, झिलई न दिलेली. माठातलं पाणी जसं झिरपून गार होतं तसंच इथेही कुंडीच्या अंगातून पाणी उडून जायचं आणि हवा आत यायची. दुसरी, माती. गवताळ कुरणाचे तुकडे मुळांसकट कापून रचून ठेवायचे, कुजवायचे, आणि मग ते चाळायचे नाहीत, हाताने किंवा फावड्याने तोडायचे. त्यामुळे मातीत ढेकळं आणि तंतू राहत, त्यांच्यामध्ये मोठ्या फटी राहत. तिसरी, कुंडी ठेवायची जागा. बऱ्याचदा त्या जमिनीवरच किंवा राखेच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या असत.

आणि चौथी म्हणजे कान. पाणी घालायचं की नाही हे ठरवायला काठीच्या टोकाला लाकडी रीळ बसवून माळी कुंडीवर टिचकी मारल्यासारखं वाजवत जात. खणखणीत आवाज आला तर कोरडी, बद्द आवाज आला तर ओली. बाजारात माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच, पण दिवसाला शेकडो वेळा. हे पोरांना पुस्तकातून येत नसे. म्हाताऱ्या माळ्याच्या मागे फिरून, चार झाडं मारून, शिव्या खाऊनच ते यायचं.

या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहेत. आता थोडी भौतिकी. घाबरू नका, देवघरापर्यंतच जायचंय.

समईतली वात पाहा. तेल खाली, ज्योत वर, तरी तेल वर चढतं, कारण वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटी त्याला धरून वर ओढतात. मातीच्या कणांमधल्या फटीही पाण्याला तसंच धरतात. फट जितकी बारीक, तितकी पकड घट्ट. आता कुंडीला पाणी घातलं. ते गुरुत्वाकर्षणाने खाली आलं, भोकापाशी पोचलं. भोकाच्या पलीकडे काय? मोकळी हवा. हवेत पाण्याला ओढून घेणारी फटच नाही. त्यामुळे मातीने धरलेलं पाणी तळाशी येऊन थांबतं. वरच्या पाण्याचा भार मातीच्या पकडीपेक्षा जास्त होतो तेवढंच थेंबाथेंबाने बाहेर पडतं, उरलेलं आतच. भोक कितीही मोठं असलं तरी प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक चिंब पट्टा शिल्लक राहतोच. मी त्याला 'अडकलेलं पाणी' म्हणते.

आता तळाला खडी घाला. खडीमधल्या फटी मातीच्या फटींच्या मानाने प्रचंड मोठ्या. पाण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ मोकळी हवाच. म्हणून पाणी मातीतून खडीत उतरायला तयार होत नाही. माती तिच्या तळाशी पूर्ण भिजल्यावरच ते पुढे सरकतं. म्हणजे आपण काय केलं? चिंब पट्टा घालवला नाही, उचलून वर ठेवला.

आकड्यांत बघू. समजा एखाद्या मातीत हा पट्टा ५ सेंटिमीटर उंचीचा राहतो. त्याची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. कुंडीत २० सेंटिमीटर माती असेल तर चौथा हिस्सा चिंब. त्याच कुंडीत तळाला ५ सेंटिमीटर खडी घातली तर माती उरली १५, पण पट्टा तेवढाच, ५. आता एक तृतीयांश चिंब. आणि हौसेने आणलेल्या १० सेंटिमीटरच्या पसरट कुंडीत खडी न घालताही निम्मी माती चिंब.

खात्री नसेल तर भांडी घासायचा नवा, चौकोनी स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा, तळहातावर धरल्यासारखा धरा. टपटप थांबेपर्यंत थांबा. मग न पिळता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फटी त्याच, फक्त उंची वाढली.

हे सगळं ज्याच्या कामामुळे हिशोबात मांडता आलं तो माणूस म्हणजे एडगर बकिंगहॅम. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याचं नाव 'पाय प्रमेया'मुळे माहीत असतं, पण ते नंतरचं, १९१४ मधलं. त्याआधी काही वर्षं हा भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदा विभागात होता, आणि १९०७ मध्ये त्याची मातीतल्या ओलाव्याच्या हालचालीवरची पुस्तिका निघाली. त्याने वाळूपासून चिकणमातीपर्यंत वेगवेगळ्या मातींचे ४८ इंच उंचीचे स्तंभ केले, त्यांचे तळ पाण्यात ठेवले आणि पाणी वर चढून स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. मग वेगवेगळ्या उंचीवर किती ओल आहे ते मोजलं. तळाशी भरपूर, वर जावं तसं कमी, आणि प्रत्येक मातीचा उतार वेगळा.

प्रयोग साधा आहे. त्यातून त्याने काढलेली कल्पना मात्र जबरदस्त आहे. पाणी कुठे जाईल हे कुठे किती पाणी आहे त्यावरून ठरत नाही. कुठे ते किती घट्ट धरलंय यावरून ठरतं. ओल्या मातीकडून कोरड्या खडीकडे पाणी जाईल असं आपल्याला वाटतं, कारण आपण 'किती' एवढंच मोजतो. बकिंगहॅमने 'किती घट्ट' हे मोजायला शिकवलं.

ही पुस्तिका माळ्यांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. गणिताने भरलेली, सरकारी, आणि तिच्यात कुंडीचं नावही नाही. पण डोळ्यांना दिसेल असा पुरावाही पुढे आला. १९५९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या वॉल्टर गार्डनर आणि जे. सी. शे यांनी एक छोटा चित्रपट केला. पारदर्शक तावदानांमध्ये मातीची पातळ भिंत, वरून थेंब थेंब पाणी, आणि थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चित्रं सलग जोडलेली. पाण्याचा काळसर डाग खाली पसरत येतो. मध्ये जाड वाळूचा थर लागतो. आपली अपेक्षा अशी की आता पाणी सटकन खाली जाईल. ते थांबतं! थराच्या वर आडवं पसरत जातं. वरची माती चांगली भिजेपर्यंत वाळूत उतरायचं नावच घेत नाही. माझ्या मते मातीविषयीचा हा सगळ्यात उत्कंठावर्धक चित्रपट आहे. स्पर्धा फारशी नाही हे मान्य.

गंमत अशी की ज्यांना पाणी धरून ठेवायचं होतं त्यांनी या गोष्टीचा मुद्दाम फायदा घेतला. १९६० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, गोल्फच्या हिरवळीची रचना ठरवून दिली: साधारण १२ इंच वाळूमिश्रित माती आणि तिच्याखाली खडीचा थर. मुसळधार पाऊस पडला तर जास्तीचं पाणी खडीतून निघून जावं, पण एरवी खडीच्या वरच्या काठाशी ओल अडकून राहावी आणि गवताला पुरावी, हा हेतू. तीच खडी, तोच थर. बागेच्या पुस्तकात 'पाणी जावं म्हणून' आणि गोल्फच्या मैदानात 'पाणी राहावं म्हणून'.

आता मूळ प्रश्नाकडे. खापऱ्यांचा सल्ला टिकला कसा?

अडाणीपणा, अंधानुकरण ही उत्तरं मला पटत नाहीत. ते माळी त्यांच्या कामात आपल्यापेक्षा कितीतरी सरस होते. त्यांची झाडं जगत होती, हाच तर घोळ आहे. सच्छिद्र कुंडी, ढेकळांची माती, जमिनीचा आधार आणि टिचकी ओळखणारा कान, या चार गोष्टींनी झाड सांभाळलं आणि श्रेय मिळालं खापऱ्यांना. खापऱ्यांमुळे होणारं नुकसान या चौघांनी पोटात घातलं. शिवाय भोकावरची ती एक पालथी खापरी खरंच उपयोगाची आहे. तिच्यामुळे माती वाहून जात नाही आणि भोक बुजत नाही. एका खापरीचा गुण अख्ख्या थराच्या नावावर जमा झाला.

आणि माझ्या प्रबंधाचा खरा मुद्दा असा की पुस्तकात काय उतरू शकतं यालाही महत्त्व आहे. 'दोन इंच खापऱ्या घाला' हे लिहिता येतं. 'कुंडी बद्द वाजली की थांबा' हेही लिहिता येतं, पण बद्द म्हणजे काय ते लिहिता येत नाही. पुस्तकं लिहिणारे होते मुख्य माळी, संपादक, पाद्री, हौशी जमीनदार. झारी घेऊन फिरणारा मजूर क्वचितच लेखक झाला. त्यामुळे कागदावर तेच ज्ञान आलं जे मोजता आणि थरांत मांडता येत होतं. कुंड्या आणि माती बदलली, माळी गेला, आणि शिल्लक राहिला तो नेमका पाचातला निरुपयोगी भाग.

जमिनीच्या आधाराबद्दल थोडं सांगायचं राहिलं. कुंडीचं भोक खालच्या मातीला थेट टेकलेलं असेल तर मातीचा स्तंभ तुटत नाही, पाण्याला खाली ओढणारी पकड सापडते आणि अडकलेलं पाणी जमिनीत उतरतं. अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा तळ आतून जमिनीला उघडा असेल तर तिथेही हेच घडतं. तीच तुळस चौथ्या मजल्यावर फरशीवरच्या बंदिस्त कुंडीत आली की तिचा जमिनीशी संबंध तुटतो.

लक्ष तळाकडून मिश्रणाकडे वळवण्याचं मोठं श्रेय लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनस संस्थेला जातं. तिथे १९३० च्या दशकात आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी प्रिम्युला सायनेन्सिस ही चिनी फुलझाडं वाढवत होते. (त्या प्रयोगांवर डोरोथिया दे विंटन यांच्याबरोबर काम करणारे जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात आले आणि इथलेच झाले.) रोपं मरत होती, आणि रोपं मेली की पिढ्यांचा हिशोब बुडाला. मग विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंडीच्या मातीचाच पद्धतशीर अभ्यास केला. प्रत्येक झाडाला वेगळी गुप्त माती, ही माळ्यांची जुनी परंपरा मोडून त्यांनी एकच मिश्रण दिलं: वाफेने निर्जंतुक केलेली पोयटा माती ७ भाग, पीट ३ भाग, जाड वाळू २ भाग. वाळूच्या कणांचं मापही ठरवून दिलं, त्यातले बहुतेक दीड ते तीन मिलिमीटरचे. जाड कण हवेत, पण तळाला वेगळे नकोत, सगळ्या मातीत मिसळलेले हवेत. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि जॉन इनस मिश्रण घराघरात पोचलं.

आणि इथे प्लिनीचा श्वास परत येतो. मुळांना मारतं ते पाणी नव्हे, हवेचा अभाव. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. भात चिखलात उभा राहतो, कारण त्याच्या अंगात पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या नळ्या असतात. खाडीकाठचे तिवर चिखलातून श्वसनमुळं वर काढतात. गुलाब, जास्वंद, कढीपत्ता यांच्याकडे अशी सोय नाही. गुदमरलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून चिंब मातीत उभं असलेलं झाडही कोमेजतं. ते पाहून आपण काय करतो? आणखी एक तांब्या ओततो.

आपल्याकडे आज ही अडचण जास्त टोचते, कारण त्या चारही गोष्टी हातातून गेल्यात. कुंडी प्लास्टिकची, अंगातून श्वास न घेणारी. माती नर्सरीतून आणलेली, चाळलेली, त्यात बारीक कोकोपीट आणि गांडूळखत, म्हणजे सगळ्या फटी बारीक. खाली फरशी, वर खाली ताटली. आणि कान तर कोणाचाच तयार नाही, शिवाय प्लास्टिक वाजवून काही कळत नाही. त्यात कोकण-मुंबईकडे चार महिन्यांचा पाऊस. अशा वेळी जुन्या विधीतलं एकच पाऊल आपण निष्ठेने पाळतो: तळाशी खडी.

मुंबईच्या गच्च्यांवर शेती करणाऱ्यांनी रसवंतीवरची उसाची चिपाडं भरून भाज्या काढल्या, आणि श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या प्रभावाने पालापाचोळ्यावरची बाग अनेक घरांत पोचली, त्याकडे मी याच नजरेने पाहते. खताची बचत हा त्यातला ठळक भाग. पण जाडाभरडा पाला आणि चिपाडं म्हणजे मोठ्या फटी, म्हणजे हवा. ते कुजून बारीक झालं की पट्टा पुन्हा वर चढतो, म्हणून भर घालत राहावं लागतं. इंग्लंडच्या माळ्याची न चाळलेली कुरणाची माती आणि आपली चिपाडं एकाच जातीची.

तर मग करायचं काय, हे लोक विचारतातच. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एकच खापरी, बस्स. खडी टाकायचीच असेल तर जाड वाळू, विटांची भरड किंवा भाताचं तूस मातीत सगळीकडे मिसळा. पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी. पाणी द्याल तेव्हा खालून बाहेर पडेपर्यंत द्या, म्हणजे साठलेले क्षारही धुऊन निघतात, मग ताटली रिकामी करा, आणि बोटाची दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेपर्यंत हात आवरा. कानाऐवजी वजन शिका. पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा उचलून पाहा, चार दिवसांनी पुन्हा उचला, आठवड्याभरात हात ओळखायला लागतो.

आणि एखादी भरलेली कुंडी सतत चिंब राहत असेल, झाड उपटायचं नसेल, तर जाड सुती दोरीचा तुकडा ओला करून भोकातून काडीने वर मातीत खुपसा आणि वीतभर खाली लोंबता ठेवा. कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे दोरी मोकळी लटकेल. समईची वात उलटी केल्यासारखं आहे हे. स्पंज उभा केल्यावर जे झालं तेच इथे होतं, पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते. दोरीच्या टोकातून थेंब पडायला लागले की समजा, त्या पाण्याच्या जागी वरून हवा आत येते आहे.